पोटात ठेवलेलं हाड

माझ्या कवटीचा एक तुकडा तीन महिने माझ्याच पोटात होता. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी एकदा टाकतो आणि नववीची पोरं दरवर्षी हसतात. "सर फेकतात," असं मागच्या बाकावरून हळूच ऐकू येतं. मग मी शर्ट थोडा वर करून बेंबीच्या बाजूची आडवी खूण दाखवतो. हसणं थांबतं.

कामोठ्याच्या जुन्या गावात आमचं घर आहे आणि पलीकडे सेक्टरमध्ये, एका मेडिकलच्या दुकानावर, माझा विज्ञानाचा क्लास. कवटीचं चित्र मी फळ्यावर एका दमात काढतो. पुढे ललाटास्थी, वर दोन पार्श्विकास्थी, कानांकडे शंखास्थी, मागे पश्चकपालास्थी. चेहऱ्याची धरून एकूण बावीस हाडं. पोरांकडून घोकून घेतो. माझी स्वतःची मात्र आता पूर्ण भरत नाहीत. उजवीकडच्या पार्श्विकास्थीचा मोठा भाग आणि आजूबाजूचं थोडं गेलं. तिथे धातूची जाळी आहे.

कोणाच्या घरी डोक्याचं ऑपरेशन ठरलं की लोक मला फोन करतात. हाड पोटात का ठेवतात, दुखतं का, माणूस पहिल्यासारखा होतो का, असं विचारतात. मी सगळ्यांना तीच उत्तरं देतो. या वेळी बायको म्हणाली, एकदा लिहूनच काढा. लिहायला बसलो तेव्हा कळलं की फोनवर मी एक गोष्ट नेहमी गाळत आलोय. ती माझ्या आईच्या तेलाची आहे. या वेळी ती गाळणार नाही.

गोळ्या

छत्तिसाव्या वर्षी बीपी निघालं. रोज सकाळी एक गोळी, एवढंच काम होतं. चार महिने घेतली. मग बरं वाटायला लागलं आणि मी स्वतःच स्वतःला बरं करून टाकलं. सुजाता, माझी बायको, पतपेढीत कामाला जायची. निघताना दारातून विचारायची, "गोळी घेतली का?" मी पेपरमधून मान वर न काढता "घेतली" म्हणायचो. न उघडलेली पाकिटं क्लासच्या टेबलाच्या खणात खडूंच्या डब्यामागे पडलेली होती. त्याच टेबलासमोर उभं राहून मी पोरांना रक्तदाब म्हणजे काय ते शिकवत होतो.

असा शहाणा माणूस मी. दीड-दोन वर्षं हे चाललं.

डस्टर

दोन हजार अकराच्या सुमाराची गोष्ट. दुपारची बॅच होती. डाव्या हातातून डस्टर पडलं. उचललं. परत पडलं. पोरं हसली, मीही हसलो. तिसऱ्यांदा उचलायला वाकलो तर हाताला माझं म्हणणं ऐकूच येईना. मी काहीतरी बोललो म्हणे, पण शब्द जाड होऊन बाहेर पडले. पहिल्या बाकावरच्या मुलीने खाली मेडिकलमध्ये धाव घेतली. मला शेवटचं आठवतं ते फळ्यावरचं हृदयाचं चित्र. त्यातला डावा कप्पा रंगवायचा राहिला होता.

पुढचे आठ दिवस माझ्याकडे नाहीत. ते सुजाताने सांगितले म्हणून मला माहीत.

पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला होता. सर्जनच्या टेबलावर प्लास्टिकची कवटी होती. त्यांनी तिच्यावर पेनाने गोल करून दाखवलं. "मेंदू सुजलाय. कवटी बंद डबा आहे, सुजेला जागा नाही. म्हणून इथलं हाड काढून ठेवायचं. सूज उतरली की परत बसवायचं."

"तोपर्यंत ठेवायचं कुठे?" सुजाताने विचारलं.

"त्यांच्याच पोटात. कातडीखाली खिसा करून. तिथे ते व्यवस्थित राहतं."

सुजाता रडायला लागली. माझी आई शेजारच्या खुर्चीत पदर घट्ट लपेटून बसली होती. तिने त्या प्लास्टिकच्या कवटीवर पेनाची रेघ होती तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे एवरी टालूच उघडी रानार की. परत बसवाल ना?"

"बसवणार, आजी."

"मंग करा," आई म्हणाली. सही सुजाताने केली.

'नो बोन'

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि पट्टीवर उजवीकडे मार्करने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'नो बोन'. येणाजाणाऱ्याने तिथे हात लावू नये म्हणून. मला ते आरशात उलटं दिसलं. मी वाचून काढलं आणि आरसा फेकून दिला, उजव्या हाताने. डावा हात तेव्हा कोणा दुसऱ्याचाच असल्यासारखा चादरीवर पडून असायचा.

हॉस्पिटलचा दिवस ठरलेला. पहाटे रक्त घ्यायला येणार, मग अंग पुसणार, मग तोंडाच्या एका कोपऱ्यातून सांडणारी लापशी, मग फिजिओथेरपीवाली मुलगी. ती रोज म्हणायची, "सर, मुठीत बॉल दाबा." मी रोज तिच्यावर खेकसायचो. जन्मभर दुसऱ्यांना सूचना दिलेल्या माणसाला सूचना घेणं फार जड जातं. एकदा तिला म्हणालो, "तुझा तो बॉल खिडकीतून टाकून दे." ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच टाका सर, डाव्या हाताने." दुसऱ्या दिवसापासून मी बॉल दाबायला लागलो.

एक चांगलं आठवतं. वॉर्डात एक आयाबाई होती, उरणकडची. चहा कपातून पिताना माझ्या डाव्या ओठातून सांडायचा आणि मला लाज वाटायची. तिने एक दिवस काही न बोलता चहा बशीत ओतून दिला आणि म्हणाली, "आमच्याकरं सगले अशीच पितात." त्यानंतर घरी येईपर्यंत मी बशीतूनच चहा प्यालो. आजारी माणसाला एवढंच हवं असतं.

पोटावर हात ठेवला की कातडीखाली कडक, किंचित बाकदार काहीतरी लागायचं. मी विज्ञानाचा मास्तर, तरी रोज एकदा चाचपून खात्री करून घ्यायचो की ते आहे.

चुंबळ

महिन्याने घरी आलो. काठी आली, आणि सर्जनच्या सांगण्यावरून पनवेलमधून आणलेलं क्रिकेटचं हेल्मेट आलं. उठलं की ते घालायचं. जुने विद्यार्थी भेटायला आले की म्हणायचे, "सर, ओपनिंगला का?" मीही हसायचो.

हेल्मेट काढलं की माझं डोकं बघवत नसे. उजवी बाजू खोलगट झाली होती, कोणीतरी भांडं चेपावं तशी. खोकलो की तिथली कातडी वर यायची. शांत पडलो की ठोके दिसायचे. सुजाता औषधं द्यायची, आंघोळ घालायची, सगळं करायची, पण त्या बाजूला बघायची नाही. मी तिला कधी दोष दिला नाही. मलाही बघवत नव्हतं.

आई मात्र बघायची.

आईबद्दल सांगायला हवं. शिरढोणहून लग्न होऊन आली ती मिठागरात लागली. डोक्यावर चुंबळ ठेवून मिठाच्या पाट्या वाहिल्या. मिठागरं गेली, पण चुंबळ वळायचा हात राहिला. मला उजव्या कुशीवर झोपायची बंदी होती आणि झोपेत मी वळायचोच. आईने जुन्या लुगड्याचं भलंमोठं मऊ चुंबळ वळलं आणि माझ्या डोक्याखाली ठेवलं. खड्डा बरोबर मधल्या पोकळीवर यायचा, कशालाच टेकायचा नाही. सर्जनना नंतर दाखवलं तेव्हा त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

आणि दुसरं म्हणजे, आमच्या अख्ख्या आळीत बाळांची टाळू भरायला आईला बोलावायचे. तान्ह्या बाळाच्या माथ्यावर हाडं जुळलेली नसतात, मऊ जागा असते, ती टाळू. आंघोळीनंतर तिच्यावर कोमट खोबरेल जिरवायचं, याला टाळू भरणं म्हणतात. ज्याच्या त्याच्या हाताला ते जमत नाही. जास्त दाबलं तर भीती, नुसतं ओतलं तर काय उपयोग. आई दोन बोटांनी करायची, आणि रडणारं पोर तिच्या मांडीवर गप्प व्हायचं. माझी, माझ्या चुलत भावंडांची, त्यांच्या पोरांची टाळू तिनेच भरली. लोक म्हणायचे, तिच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, "हाताला कसला गुन, तेलाला हाय."

माझ्या खड्ड्यावर तिने पहिल्याच दिवशी तळवा ठेवला, नुसता अलगद. "लानग्या पोराच्या टालूसारकी उरते," म्हणाली, म्हणजे उडते. त्या तीन महिन्यांत मला कोणी न घाबरता हात लावला असेल तर तो तिने.

खाज

तीन महिन्यांनी पोट उघडून हाड काढलं आणि जागेवर बसवलं. त्या दिवशी आरसा मागवला तो फेकण्यासाठी नाही. डोकं परत गोल झालं होतं. सुजाताने पहिल्यांदा उजव्या बाजूने माझ्याकडे बघितलं आणि वॉर्डात सगळ्यांसमोर माझ्या गालावर हात फिरवला.

घरी सोडताना सर्जननी बजावलं. महिनाभर डोक्याला पाणी नाही, तेल नाही, काही नाही. सुजाताने ते कागदावर लिहून आरशाला चिकटवलं.

टाके निघाले आणि खाज सुरू झाली. नवे केस फुटत होते, कातडी कोरडी पडली होती, खपल्या धरल्या होत्या. खाजवायची बंदी. ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, वेदना परवडली. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी सुजाता कामावर होती, घरात मी आणि आई दोघंच. मी म्हणालो, "आये, जरा तेल लाव ना."

"डाक्टर नको बोललाय, बाला."

"डाक्टरला थोरीच खाज येते? जखमेवर नको, आजूबाजूला लाव. तू पोरांच्या टालू भरतेस, तुला मी काय सांगू?"

"सुजाताला कलला तर?"

"तिला कोन सांगतंय?"

मी हे सगळं शब्दन्‌शब्द लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात हेच बोलणं गायब झालं.

आईने दोनदा साबणाने हात धुतले. तेल कोमट केलं. मला पुढ्यात बसवून दोन बोटांनी, जखमेपासून दूर दूर, हळूहळू लावलं. मी तिच्या गुडघ्याला टेकून झोपलो. डस्टर पडल्यापासून इतकी गाढ झोप मला लागली नव्हती. उठलो तेव्हा तिचा पाय बधिर झाला होता, पण मी जागा होईन म्हणून ती हलली नव्हती.

"आईने लावलं"

आठवड्याने ताप आला. मग जखमेच्या एका टोकाला फोड, मग पू. परत हॉस्पिटल. सर्जननी पट्टी सोडली, बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "यावर कोणी काही लावलं होतं का?"

सुजाता म्हणाली, "नाही."

मी म्हणालो, "आईने तेल लावलं होतं."

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. आई दारात डब्याची पिशवी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून वाट बघितली असेल, असं मला आता वाटतं. तेव्हा मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुजाताचा तोल गेला. "आई, कागद लावला होता ना आरशाला! तुम्हाला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवला होता ना? तुमच्या त्या तेलाने..."

आई एवढंच म्हणाली, "चुकला माझा."

माझं नाव तिने घेतलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

तिसऱ्यांदा डोकं उघडलं आणि हाड काढून टाकलं. या वेळी पोटात ठेवण्यासारखं ते राहिलं नव्हतं. त्याचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. महिनाभर शिरेतून औषधं, मग परत हेल्मेट, परत खड्डा. संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, मी तसाच राहिलो.

आणि त्या वर्षात मी आईवर खरोखर रागावलो. हे कसं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मीच मागितलं होतं हे मला ठाऊक होतं, तरी तिला बघितलं की वाटायचं, ही नाही म्हणू शकली नसती का? ती मोठी ना? आजारी माणसाचं कशाला ऐकायचं? घरात सगळे तिलाच बोलत होते, त्यात माझा आवाजही मिसळून गेला. मला त्यात बरं वाटत होतं, हे कबूल करतो. एवढ्या मोठ्या नुकसानाला कोणीतरी जबाबदार आहे आणि तो मी नाही, याचा केवढा आधार असतो.

आईने मला हात लावणं बंद केलं. जेवणाचं ताट ठेवायची तेसुद्धा हातभर लांब. चुंबळ मात्र दर चार दिवसांनी धुऊन, नवं वळून, उशीवर ठेवलेलं असायचं.

फाइल

पुढच्या वर्षी धातूची जाळी बसवली. ती टिकली. दोन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा सर्जन निवांत होते. सुजाता खाली औषधं आणायला गेली होती. त्यांनी माझी जाडजूड फाइल मागच्या पानांपासून चाळली, एका कागदावर बोट ठेवलं.

"सर, तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं. पोटातून हाड काढलं तेव्हाच आम्ही तपासायला नमुना पाठवला होता. त्याचा रिपोर्ट उशिरा हातात आला. जंतू तेव्हाच होता. हाड पोटात असतानाच त्याला लागला होता. नंतर डोक्याच्या पुवात सापडला तोही हाच."

मी म्हणालो, "मग तेल?"

"तेलाचा काही संबंध नाही. लावायला नको होतं, हे खरं. पण हाड त्याने गेलं नाही. ते कसंही गेलंच असतं. आजींना सांगा, मनातून काढून टाका म्हणावं. त्या दिवशी दारात उभ्या होत्या, मला आठवतं."

मी "सांगतो" म्हणालो.

रिक्षात सुजाताने विचारलं, "काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे म्हणाले."

त्या दिवशी संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. घरी गेलो तर आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. चेहरा शांत होता. म्हटलं, आता विसरली असेल, कशाला जुनं उकरा. खरं कारण वेगळं होतं. तेलाने काही झालं नाही हे सांगायचं, तर तेल कोणी मागितलं तेही सांगावं लागणार. सुजातासमोर. वर्षभर सगळ्यांनी आईला बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं, तेही. मला तेवढी हिंमत झाली नाही. म्हटलं, उद्या.

ओवी

मग ओवी झाली. लग्नानंतर आठ वर्षांनी, माझ्या या सगळ्यातून निघाल्यावर. डाव्या हातात धरायला जमेल की नाही म्हणून मी घाबरत होतो, पण जमलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीचा बॉल आठवला.

पाचवी पुजून झाल्यावर सुजाताने आईसमोर तेलाची वाटी ठेवली. स्वतःहून. तिच्या मनातला राग तोवर निवला होता. म्हणाली, "आई, तुम्हीच भरा टाळू. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?"

आईने वाटीकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतला. "नको गं. मालीशवालीला बोलव. माझ्या हातान नको."

तेव्हा मला कळलं की ती काहीच विसरली नव्हती. आळीतल्या बायकांनाही ती कधीपासून नाही म्हणत होती, तेही तेव्हाच कळलं. हात दुखतात असं सांगायची. बायका चेष्टा करायच्या, "नातीच्या वेली कसे दुखनार नाय ते बघू!" त्या आल्या, मालीशवालीला बघून गेल्या, आणि चेष्टा तिथेच थांबली.

मालीशवाली बाई रोज सकाळी यायची. ती ओवीच्या टाळूवर तेल थापायची, ओवी रडायची, आणि आई मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसायची. घासलेलीच परत घासायची.

बाळाची पुढची टाळू साधारण दीड वर्षात मिटते. हाडं वाढत वाढत एकमेकांना येऊन भिडतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय, परीक्षेत एका गुणाला विचारलंय. म्हणजे माझ्याकडे दीड वर्ष होतं. एक वाक्य बोलायला. रोज सकाळी मालीशवाली आली की वाटायचं, आज बोलू. ती गेली की दिवस निघून जायचा. एकदा ओवी झोपलेली असताना मी तिच्या माथ्यावर बोट फिरवलं. सगळीकडे कडक लागलं. त्या दिवशी क्लासला जाताना मला फार वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

कधी कळलं

ओवी साडेचार वर्षांची होती. रविवारची सकाळ. शेजारच्या प्रमिलाकाकीची सून तिचं वीस दिवसांचं बाळ घेऊन आमच्या ओटीवर आली. माहेर लांबचं, तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. कोणीतरी सांगितलं असेल. म्हणाली, "काकी, याची टाळू तुम्ही भरायची."

आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय गो बाय. माझा हात नको."

सून गेली. ओवी आजीला चिकटून बसली होती. तिने विचारलं, "का नको, आजी?"

"माझ्या हातान तुझे बाबाचा हाड खराब झाला ना, म्हनून."

मी आत पेपर वाचत होतो. ओवी धावत आली, माझ्या मांडीवर चढली, डोक्यावरची खूण शोधली आणि विचारलं, "बाबा, आजीने तुझं हाड खराब केलं?"

साडेचार वर्षांच्या पोरीने विचारलं म्हणून मी बोललो. नाहीतर कदाचित अजूनही 'उद्या'च म्हणत असतो. सुजाताला हाक मारली, तिला बाहेर बसवलं. आईसमोर मी खाली बसलो. आणि सगळं सांगितलं. तेल मी मागितलं होतं. आई नको म्हणत होती. जंतू आधीच पोटात लागला होता, डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं. तेलाने काही झालं नाही, आये. तुझ्या हाताने काही झालं नाही.

सुजाता तोंडाला पदर लावून उठली आणि आत गेली. त्या दिवशी आणि पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.

आई वाल सोलत राहिली. दोन-चार दाणे सोलून झाले. मग तिने विचारलं, "डाक्टरनी तुला कदी सांगतला?"

ती काय काय विचारेल ते मी बाहेर येतानाच मनात धरलं होतं. का नाही बोललास, मला का बोलून घेऊ दिलंस. हा एक प्रश्न धरला नव्हता. खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "जाली बसवली तेवाच. दोन महिन्यांनी."

तिने मनात हिशेब केला. मला तिच्या चेहऱ्यावर तो दिसला.

"म्हंजे ओवी पोटात पन नव्ती."

"नव्ती."

ती रागावली असती तर मी सुटलो असतो. तिने वाल बाजूला सारले, हात पदराला पुसले, आणि ओवीला म्हणाली, "जा गं बाय, तेलाची वाटी घेऊन ये." ओवीने आतून बाटलीच आणली. आईने तिला पुढ्यात बसवलं, तळहातावर तेल घेतलं, आणि दोन बोटं तिच्या माथ्यावर पुढच्या बाजूला नेऊन ठेवली. तिथेच थोडा वेळ फिरवत राहिली. ती काय शोधत होती ते मला कळलं, आणि तिथे काय लागतंय तेही मला माहीत होतं.

"मना भरायची होती रं हिची टालू," ती म्हणाली. "आता हाड झाला."

मग तिने ओवीच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, आणि तिला शेजारच्या घरी पाठवलं. बाळाला घेऊन ये म्हणावं, पाणी तापवून ठेवते.